बैल न्हाई, मनगट हाय

कालिंदा,

तुझ्याच वहीत लिहितेय. क्लासच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. पहिल्या पानावर तुझं अक्षर आहे, ‘नवशिक्यांसाठी ब्रेसलेट’, खाली दोन रेघा, आणि मग एक-दोन करत सगळं समजावून लिहिलेलं. ते पान बघायचं धाडस होईना म्हणून वही उलटी धरली आणि मागून सुरुवात केली. तू असतीस तर म्हणाली असतीस, आक्का समदं उलट्याच बाजूनं सुरू करतात.

उद्या तुझा तेरावा. तुझा भाऊ राजेभाऊ पाथरीहून येणार आहे, आणि जेवणं उरकली की प्रांजलचा विषय निघणार आहे. तुझी लेक कुठं राहायची, इथं माझ्याजवळ की मामाकडं, ते उद्या ठरेल. तुझ्या नवऱ्यानं, सुभाषनं, हात वर केलेत. पुण्यात टेम्पो चालवायचा, एका खोलीत चौघांनी राहायचं, तिथं नऊ वर्षांची पोर कुठं ठेवणार तो? एवढंच म्हणतो, ‘वहिनी, तिची काय इच्छा आसंल तसं करा. मला तर काय कळंनाच गेलंय.’

तुझी इच्छा. ती माहीत असलेलं या घरात एकच माणूस आहे, आणि ते मी आहे.

दवाखान्यात चार दिवस मी तुझ्या उशाशी होते, म्हणून सगळ्यांना वाटतंय की तू मला काहीतरी सांगून गेली असशील. दवाखान्यात तू काहीच बोलली नाहीस. बोलायचं ते तू जायच्या पंधरा दिवस आधी बोलली होतीस, आपल्या सैपाकघरात ओट्यापाशी, आणि तिथं आपण दोघीच होतो. तुझी पोर माझ्या हाताखाली ठेवायची नाही, असं म्हणाली होतीस. त्यावर मी जे म्हणाले ते लिहायला हात उचलत नाही. लिहीन. पण एवढ्यात नाही.

मला ती पोर पाहिजे, कालिंदा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे काही लिहीन ते तू त्या हिशोबानं वाचशील. मला एकच मुलगा, तो नांदेडला शिकतो, आणि सणाला आला तरी फोनमध्ये डोकं घालून बसतो. प्रांजल मात्र पाळण्यातली होती तेव्हापासून माझ्या अंगावर झोपलेली आहे. तिला दात आला तो माझ्या बोटाला लागला होता, तुझ्या नाही. त्यावरून तू रुसली होतीस.

तू हे दोऱ्याचं सुरू केलंस तेव्हा मी किती नावं ठेवली. तुला फोनवर बघून बघून नाद लागला. परभणीच्या बाजारातून दोऱ्याची रिळं आणलीस, प्रांजलच्या परीक्षेच्या पॅडला क्लिपमध्ये चार दोऱ्या अडकवल्यास आणि ओसरीत बसलीस गाठी मारत. मी घरातल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘निंदायला बाया मिळंनात आन् आमच्या घरात माणसं दोऱ्या गुंतवीत बसलेत.’ तू हसलीस आणि गाठी मारत राहिलीस. तुझं हे हसणं मला लय झोंबायचं. भांडायला गेलं की समोरचं माणूस भांडायला तयार पाहिजे ना.

मग शेजारची एक आली, तिची भाची आली, असं करत मंगळवार-शुक्रवारचा क्लासच झाला. दुपारची भांडी झाली की सहा-सात बाया-पोरी मांडीवर पॅड घेऊन ओसरीत बसायच्या. मी आतून चहा आणायचे आणि मुद्दाम कप आपटून ठेवायचे. काय बोलणं चाललंय ते ऐकायला मात्र दाराशीच बसायचे, तांदूळ निवडत. त्या तांदळात एक खडा नव्हता हे तुलाही माहीत होतं.

एक दिवस तू उठून पॅड माझ्यापुढं ठेवलंस. ‘आक्का, हात रिकामा हाय तर धरा की.’

मी धरलं. दोरी म्हणजे मला नवी नव्हती. माझा बाप पोळ्याच्या आधी महिनाभर अंबाडीची दावी वळायचा, बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या करायचा, आणि चार पोरींत त्याच्या हाताखाली मीच. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, सगळं अंग मागं टाकून ओढायचं, आणि गाठ अशी आवळायची की बैलानं हिसका दिला तरी ती हलायला नको. सैल बसली की तीच दोरी माझ्या पाठीवर. तर मी काय केलं, तुझ्या त्या नाजूक दोऱ्या क्लिपमधून काढल्या, टोकं पायाच्या अंगठ्याला गुंडाळली आणि लागले ओढायला. अर्ध्या तासात वीतभर काम. तू ते हातात घेतलंस, एका टोकाला धरलंस, आणि ते काडीसारखं ताठ उभं राहिलं.

‘आक्का,’ तू म्हणालीस, ‘बैल न्हाई बांधायचा, मनगट हाय.’

बाया हसल्या. एक तर पदरात तोंड घालून हसली. मी पॅड तिथंच टाकलं आणि परसात निघून गेले. दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी क्लास नव्हता. तू दोन कप चहा आणि दोन पॅडं घेऊन मागच्या दारी आलीस. ‘चला, आज आपण दोघीच.’

त्या दुपारी तू मला जसं शिकवलंस तसं मला आयुष्यात कुणी काही शिकवलं नाही. मधल्या दोन दोऱ्या ताणून ठेवायच्या, त्यांना हलवायचं नाही, बाहेरच्या दोन काम करणार. माझ्यासाठी तू बाहेरची एक तांबडी घेतलीस आणि एक पांढरी. ‘तांबडी वरून, आक्का. एकदा ती डावीकडून निघंल, एकदा उजवीकडून, पर वरून तीच जाणार. पांढरी खालून जाऊन तांबडीच्या फाशातून वर यायची. आन् ओढायचं न्हाई. गाठ बसवायची. दोन्ही हातानं, हळू.’ मी मात्र रंग न बघता दर वेळी डावीकडूनच सुरू करायचे. मग पट्टी सपाट यायच्या ऐवजी तिला पीळ पडत जायचा, वेणीसारखा. तू कधी ‘चुकलं’ म्हणाली नाहीस. जिथं चुकलं तिथपर्यंत उसवायचीस, पॅड परत माझ्या मांडीवर ठेवायचीस आणि म्हणायचीस, ‘हितपर्यंत बराबर हाय.’

पन्नाशीला टेकलेल्या बाईला असं कुणी म्हटलं नव्हतं, कालिंदा. माझ्या बापानं नाही, सासूनं नाही, आणि ह्यांच्याकडून तर अपेक्षाच नाही. चुकलं कुठं ते सगळे सांगतात. बरोबर कुठपर्यंत आहे ते तूच सांगायचीस. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू हसली असतीस आणि मला परत झोंबलं असतं.

आता तो शुक्रवार लिहिते.

माझं पहिलं अख्खं ब्रेसलेट होत आलं होतं. कुणाची मदत न घेता. तीन दुपारी लागल्या होत्या, दोन बोटं काम उरलं होतं. तू म्हणाली होतीस, हे झालं की टोकांची सरकती गाठ शिकवते, मग मनगटात घालून गावभर मिरवा. मी वैरण टाकायला गोठ्यात गेले. परत आले तर प्रांजल माझं पॅड मांडीवर घेऊन बसलेली आणि अर्ध्याहून जास्त ब्रेसलेट उसवलेलं. मला बघून खुशीत म्हणाली, ‘मोठी माय, हितं पीळ पडला होता. मी काढला. हितपर्यंत बराबर हाय.’

तुझंच वाक्य, तुझ्याच आवाजात. सगळ्या बाया बघत होत्या, आणि त्यांतली एक हसली. माझा हात उठला.

एकच मारली. पण कानातली रिंग माझ्या बोटात अडकली आणि पाळी चिरली. फार नाही, पण रक्त आलं, फ्रॉकवर ठिपके पडले. पोर रडलीसुद्धा नाही आधी, माझ्याकडं बघतच राहिली. पीळ पडलेला असेल तर उसवायचं, एवढंच तिला घरात शिकवलेलं होतं. तिनं तेच केलं. माझा बाप माझ्याशी जसा वागला तशी मी वागले, असं मी गेले पंचवीस दिवस मनाला सांगतेय. बाप मरून वीस वर्षं झाली. हात माझा होता.

तू कानाला हळद लावलीस, बायांना वाटेला लावलंस, आणि मग आत आलीस. मी ओट्यापाशी पाठ करून उभी होते. तुझा आवाज चढला नव्हता, हे मला जास्त लागलं.

‘आक्का, मला बोला. काय बी बोला, मी ऐकून घेते. लेकराला न्हाई. उद्या माझं काय बरंवाईट झालं तर माझं लेकरू तुमच्या हाताखाली ठिवायचं न्हाई. बापाकडं न्हाई तर भावाकडं जाईल, पर हितं न्हाई.’

आणि मी म्हणाले, ‘मग मर तर आदी. मंग बघू लेकराचं.’

लिहिलं बघ. एवढंच होतं ते. सहा-सात शब्द. रोज कुणीतरी कुणाला तरी असं म्हणत असेल, आणि संध्याकाळी दोघं एका ताटात जेवत असतील. तू पंधराव्या दिवशी गेलीस.

त्या संध्याकाळी तू गॅस ओसरीत नेलास आणि वेगळं शिजवायला लागलीस. तरी रोज दुपारी प्रांजलच्या हातून माझ्यासाठी भाजीची वाटी यायची, वर ताटली झाकलेली. बोलायचं नाही, पण वाटी चुकवायची नाही. आणि मी ती वाटी घासून, पुसून, रिकामी परत धाडायचे. घरातलं भांडं रिकामं परत देत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर तरी टाकतात, हे मला कुणी शिकवायला नको. मी मुद्दाम करत होते. तुला समजावं म्हणून करत होते. तुला समजत होतं, आणि दुसऱ्या दिवशी परत वाटी यायची.

मग ताप आला. मला वाटलं, ढोंग आहे. हेही लिहितेच आता. तापातही तू मंगळवारचा क्लास घेतलास. बुधवारी सकाळी मोरीत खाली बसलीस ती उठलीच नाहीस, तेव्हा जीप बोलावली. परभणीला पोचेपर्यंत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी एक वाक्य जुळवत होते. ‘मी बोलले ते मनावर घेऊ नको.’ बस, एवढंच. पहिल्या दिवशी पाहुणे होते, त्यांच्यापुढं कसं बोलणार. दुसऱ्या दिवशी पेशी कमी झाल्या म्हणून धावपळ, सुभाष पुण्याहून आला, रक्त आणायला पळाला. तिसऱ्या दिवशी तू झोपलेली होतीस आणि माझ्या मनातलं ओझं उतरवायला तुला कशाला उठवायचं असं वाटलं. तुझी बोटं तेवढी चादरीवर हलत होती, एक वरून, एक खालून. चौथ्या दिवशी तुला आत नेलं आणि आम्हाला दाराबाहेर बसवलं.

चार दिवस होते माझ्याकडं. एक वाक्य बोलायचं होतं.

तिसऱ्या दिवशी तू एकदा माझा हात धरला होतास. पाणी मागायला धरलास की आणखी कशाला, ते मी रोज एक ठरवते आणि रोज मोडते. मी पाणी दिलं. तू प्यायली नाहीस, पण हात सोडलाही नाहीस. आता यावर मी काय बांधू?

तू गेल्यावर राख सावडून गंगाखेडला गंगेत सोडली, दहावा झाला. त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी क्लासच्या बाया आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. सवयीनं पाय वळले असतील. ओसरीत आपापल्या जागी बसल्या आणि बसूनच राहिल्या, पॅडं मांडीवर, कुणालाच पुढं काय करायचं ते समजेना. तेव्हा प्रांजल उठली, तुझ्या जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली, ‘तांबडी वरून घ्या.’ सगळ्या बायांनी तांबडी वरून घेतली. एक जण रडत रडत गाठ मारत होती, तिला म्हणाली, ‘काकू, ओढू नका, बसवा.’ मी मागच्या दारी गेले आणि तोंडात पदर कोंबून बसले.

तिला बघते आणि वाटतं, ही गेली तर या घरात तुझं काय राहील? आणि माझं काय राहील?

म्हणून तुझ्याशी वाद घालतेय. नीट ऐक. तू रागात बोललीस. रागात बोललेलं खरं धरायचं असेल तर माझंही खरं धरावं लागेल. मी तुला मर म्हणाले ते मनापासून नव्हतं, हे तुला मान्य असेल, तर पोर माझ्या हाताखाली नको हेही तुझं मनापासून नव्हतं. आणि तुझं ते मनापासून होतं, असं तू म्हणणार असशील तर मग मी तुझा जीव घेतला. दोन्हींतलं एक सांग. रोज वाटी पाठवत होतीस ना? मग सांग की.

तू सांगणार नाहीस. उद्या मला विचारतील.

मधे पाच दिवस गेले. तेव्हा वही मिटली ती आज उघडली.

तेराव्याला राजेभाऊ आला. जेवणं झाली, पंगत उठली. तो ओसरीत खांबाला टेकून बसला, सुभाष खाली मान घालून, आमचे हे त्याच्या शेजारी. राजेभाऊ तुझ्यासारखाच, आवाज न चढवता बोलणारा. म्हणाला, ‘आक्का, ताई काय बोलली होती का लेकराबद्दल? तिचा शब्द आसंल तसं करू. मी न्यायला बी तयार हाय आन् हितं ऱ्हायलं तर माझी हरकत बी न्हाई.’

मी म्हणाले, ‘लेकरू आक्काच्या हातात द्या म्हणली ती. माझा हात धरून म्हणली.’

नुसतं ‘काही बोलली नाही’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढं मी रात्रंदिवस घोकलं होतं. पण तोंड उघडलं आणि हे बाहेर पडलं. तुझ्या तोंडी शब्द घातले, वर तो हातही वापरला, ज्याचा अर्थ मलाच कळलेला नाही. राजेभाऊ रडला. रडत वाकला आणि माझ्या पाया पडला. ‘मग तर काय प्रश्नच न्हाई, आक्का. आता तिची माय तुमीच.’

आणि मी त्याला पाया पडू दिलं.

तुला खरं सांगते, त्यानंतर दोन दिवस मी सुखात होते. तुला जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि मी सुखात होते. सकाळी उठून तिचा डबा केला. तिच्या वह्यांना कव्हरं घातली. ती माझ्याजवळ बसून दोन भाकरी जेवली. आपलं ताट आपणच घासून ठेवलं. दप्तर स्वतः भरलं, कपड्यांच्या घड्या स्वतः घातल्या, एका शब्दानं काही मागितलं नाही. मला वाटलं, पोर शहाणी आहे, सावरली.

काल तिची वेणी घालत होते. कानाच्या पाळीवर बारीक वण होता. मी विचारलं, ‘दुखतं का गं?’

‘न्हाई.’ मग म्हणाली, ‘मोठी माय, मम्मी तसं न्हाई म्हणली.’

‘कसं?’

‘तू मामाला सांगितलंस तसं. मम्मी म्हणली, हितं ठिवायचं न्हाई. मी मोरीत होते, फ्रॉकला पाणी लावीत. मला समदं ऐकू आलं.’

मोरी आणि ओटा, मधे नुसता पत्रा. आपल्या दोघींच्या डोक्यात ते आलंच नाही. माझे हात तिच्या केसांत तसेच राहिले. मी म्हणाले, ‘मग मामाला का न्हाई सांगितलंस?’

‘तू रडली असतीस.’

आणि मग, वेणी घालायची थांबली म्हणून मागं वळून, मला धीर दिल्यासारखं म्हणाली, ‘तू मम्मीला मर म्हणलीस ते बी मी कुणालाच न्हाई सांगितलं. सांगणार बी न्हाई. तू भिऊ नको.’

नऊ वर्षांची पोर. आई गेली त्या दिवसापासून हे पोटात घेऊन माझ्याकडं बघतेय. माझ्या हातचं जेवतेय, माझ्याकडून वेणी घालून घेतेय, आणि मला सांभाळतेय. ताट घासणं, घड्या घालणं, काही न मागणं, ते सावरणं नव्हतं गं. मी पुन्हा चिडू नये म्हणून ती जपून वागत होती. तू नेमकं हेच म्हणत होतीस, आणि मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मी वेणी पुरी केली. रिबीन बांधली, सैल बांधली. आज दुपारी ती शाळेत होती तेव्हा राजेभाऊला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तुझं वाक्य जसंच्या तसं, आणि माझंही. तो दुकानात होता, मागून कुणीतरी फूटपट्टी मागत होतं. गिऱ्हाइकाला त्यानं ‘थांबा’ म्हटलं. 

‘आक्का,’ तो म्हणाला, ‘हे तुमी मला सांगायला नको होतं.’ आणि मग, ‘उद्या सकाळी येतो. लेकराचं सामान भरून ठिवा.’

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ह्यांनी दिल्या. सुभाषला फोन करून सांगितलं, नुसता हुंदका ऐकू आला. तुझा शब्द राहिला, कालिंदा. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर थोडं तरी हलकं वाटेल. काही हलकं वाटत नाही. 

ती शाळेतून आली तेव्हा मीच तिला सांगितलं. मामा येणार, पाथरीला जायचं, तिथं शाळा मोठी आहे, मामी चांगली आहे, सुट्टीला तू ये. ती ऐकत उभी राहिली. दप्तरसुद्धा खाली ठेवलं नाही.

‘मी कुणाला सांगणार नव्हते, मोठी माय. तू कामून सांगितलंस?’

‘तुझ्या मम्मीचा शब्द होता, बाळा.’

‘आन् मला तर कुणी विचारलंच न्हाई,’ ती म्हणाली, आणि आत जाऊन कपाटातले फ्रॉक काढायला लागली.

खरं आहे तिचं. तू विचारलं नाहीस, मी नाही, राजेभाऊनं नाही, बापानंही नाही. तिच्यावरून आपण दोघी एवढ्या भांडलो, एक मेली आणि एक मेल्यासारखी झाली, आणि तिला कुठं राहायचंय हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ती आत घड्या घालतेय. इथून मला तिची पाठ दिसते. राजेभाऊ उद्या नऊपर्यंत पोचेल. तोवर तिला विचारायला वेळ आहे, आणि मी उठत नाहीये. कारण मी विचारलं आणि ती ‘हितंच ऱ्हाते’ म्हणाली, तर मला तुझा शब्द मोडावा लागेल, कालिंदा. आणि तो मी मोडीन.